घंटी आधी की प्रश्न आधी?

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांमधून फिरले, तर बहुतेक ठिकाणी प्रश्नमंजुषेची तयारी चाललेली दिसते. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ सालापासून साजरा होतो. त्या निमित्ताने निबंध, रांगोळी, विज्ञान प्रदर्शन आणि प्रश्नमंजुषा हे कार्यक्रम ठरलेले असतात. व्यासपीठावर तीन-चार बाके, प्रत्येक बाकावर दोन-तीन मुले, पुढ्यात टेबलावरची घंटी, आणि हातात कागद घेऊन उभे असलेले गुरुजी किंवा बाई. रामन परिणामाचा शोध कोणत्या साली लागला, असे विचारताच सगळ्या घंट्या एकदम वाजतात. १९२८ हे उत्तर सर्वांना पाठ असते. रामन परिणाम म्हणजे काय, हा प्रश्न मात्र त्या कागदावर सहसा नसतो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही आणि गुणलेखकाला ते बरोबर की चूक हे चटकन ठरवता येत नाही.

या कार्यक्रमाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे असे आम्हांला एका जपानी चित्रमालिकेमुळे वाटले. मालिकेचे नाव ‘नाना मारु सान बात्सु’. नाना म्हणजे सात, मारु म्हणजे वर्तुळ, सान म्हणजे तीन आणि बात्सु म्हणजे फुली. जपानी शाळेत बरोबर उत्तराला वर्तुळ काढतात आणि चुकीच्या उत्तराला फुली. सात उत्तरे बरोबर आली की जिंकलात, तीन चुकली की बाद, असा तिथल्या प्रश्नमंजुषेचा एक प्रचलित नियम आहे आणि तेच या कथेचे नाव आहे. इकुरा सुगिमोतो यांची ही चित्रकथा २०१० ते २०२० या काळात एका जपानी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेली बारा भागांची चित्रमालिका २०१७ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये तेथील निप्पॉन दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. इंग्रजीत तिला ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’ असेही नाव आहे. ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’मुळे हे शब्द आपल्या घराघरांत पोचलेले आहेतच.

कथा साधी आहे. कोशियामा शिकी हा हायस्कूलमध्ये नुकताच दाखल झालेला, पुस्तकांत रमणारा, चारचौघांत बोलायला बिचकणारा मुलगा. शाळेच्या प्रश्नमंजुषा मंडळाचा प्रमुख सासाजिमा नव्या विद्यार्थ्यांपुढे प्रात्यक्षिक करून दाखवतो आणि त्यात शिकीला व्यासपीठावर ओढले जाते. त्याच्या वर्गातील फुकामी मारी हिला या खेळाची आधीपासून ओढ आहे. तिच्यामुळे तो मंडळात येतो. पुढे दुसऱ्या शाळेतील मिकुरिया हा तरबेज स्पर्धक भेटतो आणि सामने सुरू होतात. कबड्डी किंवा क्रिकेटवरच्या कथेत जे असते तेच इथेही आहे: सराव, हार, ईर्षा, मैत्री. फरक इतकाच की मैदानाच्या जागी ग्रंथालय आहे. जपानमध्ये हायस्कूलच्या मुलांची देशव्यापी प्रश्नमंजुषा १९८३ पासून दूरचित्रवाणीवर होत आली आहे. त्यामुळे शाळेत असे मंडळ असणे त्या प्रेक्षकाला मुळीच नवलाचे वाटत नाही.

बोट आणि मेंदू

या मालिकेचे सर्वांत मोठे यश म्हणजे ती प्रश्न उलगडून दाखवते. प्रश्न पुरता वाचून होण्याआधीच मिकुरिया बटण दाबतो आणि अचूक उत्तर देतो. शिकीला ही जादू वाटते. मग त्याला कळते की प्रत्येक प्रश्नात एक जागा अशी असते की तिथपर्यंत ऐकले की उत्तर एकच उरते. चांगला खेळाडू त्या जागेची वाट पाहत असतो.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. समजा प्रश्न असा आहे: ‘सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव सातारा जिल्ह्यातील नायगाव, तर १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव यांचे गाव कोणते?’ सावध मुलगा ‘तर’ या शब्दाशी कान टवकारतो. पहिल्या अर्ध्या भागात जन्मगाव आले, म्हणजे दुसऱ्या भागात गावच विचारणार. ‘हेलसिंकी’ ऐकताच माणूस कळला. तो तिथेच घंटी वाजवून ‘कराडजवळचे गोळेश्वर’ असे सांगू शकतो. आता दुसरा प्रश्न पाहा: ‘१८४३ साली सांगलीत सादर झालेले...’ इथे घंटी वाजवणारा फसण्याचा संभव आहे. पुढे ‘पहिले मराठी नाटक कोणते’ असे आले तर उत्तर ‘सीतास्वयंवर’, आणि ‘पहिले मराठी नाटक कोणी रचले’ असे आले तर विष्णुदास भावे. दोन वाटा फुटतात. एखादे अक्षर अधिक ऐकायचे की धोका पत्करायचा, हे क्षणात ठरवावे लागते.

यात भाषेचाही भाग आहे. मराठीत आणि जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘कोण’, ‘कोणते’, ‘किती’ हे शब्दही बहुधा शेवटाकडे येतात. इंग्रजीत मात्र प्रश्नार्थक शब्द पुष्कळदा आरंभीच येऊन जातो. म्हणून जपानी खेळाडूला जो अंदाजाचा खेळ करावा लागतो, तोच मराठी मुलांनाही करावा लागतो. मराठीच्या तासाला वाक्यरचना शिकवताना प्रश्न शब्दाशब्दाने उघड करत नेला आणि ‘आता काय विचारणार?’ असे मुलांना विचारले, तर तो एक उत्तम भाषिक खेळ होईल.

विज्ञानाच्या शिक्षकाला इथे एक सोपा प्रयोगही करता येईल. तीस सेंटिमीटरची पट्टी एकाने वरून उभी धरावी. दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेशी अंगठा आणि तर्जनी न टेकवता ठेवावी. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी आणि दुसऱ्याने ती पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली असेल, तर पकडायला सुमारे ०.२० सेकंद लागला. १५ सेंटिमीटर घसरली असेल, तर सुमारे ०.१७ सेकंद. वर्गातील मुलांमधला फरक असा सेकंदाच्या काही शतांश भागांचाच निघतो. आपण बोलताना सेकंदाला साधारण पाच-सहा अक्षरे उच्चारतो, म्हणजे हा फरक एका अक्षराइतकाही नाही. मग एक मुलगा दुसऱ्याच्या चार-पाच शब्द आधी घंटी कशी वाजवतो? बोटाच्या चपळाईने ते होणे शक्य नाही. तो पुढचे वाक्य मनात बांधत असतो. जे ‘सर्वांत जलद बोट’ म्हणून गौरवले जाते, ते खरे तर सर्वांत जागरूक ऐकणे असते. मालिकेने ही गोष्ट फार सुरेख दाखवली आहे आणि तेवढ्यासाठी ती शिक्षकांनी पाहावी.

मालिका जिथे थांबते

ज्ञानाचा आनंद हा या मालिकेचा दुसरा गुण. वाचनवेड्या मुलाला वर्गात बहुधा ‘पुस्तकी किडा’ म्हणून चिडवले जाते. इथे त्याच्या वाचनाला किंमत येते, मित्र मिळतात. आपल्याकडेही असे घडलेले आहे. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी २०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा वाचन ही कोणा एका थराची मिरास नाही हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. शिवाय आठवून उत्तर देण्याने स्मरण पक्के होते, हे प्रयोगांनीही दिसले आहे. रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो स्वतः आठवून लिहिणाऱ्यांच्या तो काही दिवसांनंतर अधिक लक्षात राहतो. तेव्हा प्रश्नमंजुषा म्हणजे नुसती पोपटपंची, असे म्हणून तिला निकालात काढणे आम्हांला मान्य नाही.

तरीही मालिकेत काही उणिवा आहेत. बारा भागांत मूळ कथा पुरी होत नाही, ती मध्येच सोडून दिल्यासारखी वाटते. मारीला या खेळाची जाण शिकीच्या आधीपासून असूनही तिच्या वाट्याला पुष्कळदा त्याला उत्तेजन देण्याचे काम येते. मुलींच्या चित्रणात चित्रकाराची नजर काही ठिकाणी खटकते, त्यामुळे वर्गात दाखवायची झाल्यास भाग निवडून दाखवावे लागतील.

पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या साऱ्या कथेचा डोलारा, प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते प्रश्न वाचणाऱ्याच्या हातातील कागदावर आधीच लिहिलेले असते, या गृहीतावर उभा आहे. मुले प्रश्नाच्या प्रत्येक अक्षराचा विचार करतात. उत्तर खरे कशावरून, हे मात्र विचारायची वेळ त्यांच्यावर येत नाही. खेळ म्हणून याला हरकत नाही. खेळाला नियम लागतात. मात्र हाच खेळ विज्ञान दिनाच्या दिवशी विज्ञानाचा प्रतिनिधी म्हणून व्यासपीठावर बसवला जातो, तेव्हा हे गृहीत महागात पडते.

एका तालुका पातळीवरच्या स्पर्धेत आम्ही प्रेक्षकांत बसलो होतो. ‘चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वस्तू कोणती?’ असा प्रश्न आला. सातवीतील एका मुलीने घंटी वाजवली आणि म्हणाली, “कोणतीच नाही.” परीक्षकांनी कागद पाहिला आणि उत्तर चूक ठरवले. दुसऱ्या संघाने ‘चीनची भिंत’ म्हणून दहा गुण घेतले. मुलगी काही बोलली नाही, खाली मान घालून बसली. वास्तविक तिचेच उत्तर बरोबर होते. त्या भिंतीची रुंदी सहा मीटर धरली आणि चंद्राचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर घेतले, तर चंद्रावरून ती भिंत पाहणे म्हणजे माणसाचा एक केस सुमारे साडेचार किलोमीटरवरून पाहण्यासारखे आहे. हे त्रैराशिक आठवीच्या मुलांना सहज जमेल. २००३ साली पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत फिरून आलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनीही आपल्याला भिंत दिसली नाही असे सांगितले होते. तरी हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ, हे उत्तरही असेच. कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही, असे केंद्र सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने २०१२ साली माहितीच्या अधिकाराखाली कळवले होते.

त्या मुलीचे दहा गुण गेले याचे आम्हांला तितके वाईट वाटत नाही. त्या सभागृहातील शंभर-दीडशे मुलांनी त्या दिवशी काय शिकून घेतले याचे वाटते. कागदावरचे उत्तर आपल्या विचारापेक्षा मोठे असते, हे त्यांनी शिकून घेतले. सातारा-सांगलीकडे शाळेच्या दर्शनी भिंतीवर शिष्यवृत्तीधारक मुलांच्या नावांचा फलक अभिमानाने लावतात, आणि पुढे हीच मुले स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसतात. चार पर्यायांतील एक निवडण्याची ही सवय पंधरा-वीस वर्षे मुरत जाते. तिची पहिली शाळा प्रश्नमंजुषा असते. म्हणून या खेळाची उपेक्षा न करता तो सुधारला पाहिजे.

प्रश्न आपल्या पायाखाली आहेत

सुधारायचा म्हणजे काय, हे आपल्याच दोन जिल्ह्यांतील उदाहरणांनी सांगता येईल.

सांगलीतील आयर्विन पूल १९२९ सालचा. कृष्णेची पातळी याच पुलापाशी मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले, हे सांगलीतील मुलांना सांगावे लागत नाही. अनेकांनी ते दिवस घराच्या माळ्यावर किंवा निवारा केंद्रात काढले आहेत. आता त्याच मुलांना विचारा, ५७ फूट म्हणजे कोठून ५७ फूट? नदीच्या तळापासून? पात्राच्या कडेपासून? समुद्रसपाटीपासून? घंटी वाजणार नाही. मोजपट्टीचा शून्य कोणीतरी ठरवलेला असतो आणि त्या शून्यापासून वरची उंची आपण वाचत असतो. पातळी ही पाण्याची खोली असतेच असे नाही. तो शून्य कोठे आहे, हे पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारून आणायला मुलांना सांगावे. आपल्या घराचा उंबरठा त्या मोजपट्टीवर किती फुटांवर येतो, हे ज्या मुलाला कळले त्याला पुराची बातमी ऐकून काय करायचे हेही कळेल.

हरिपूर हे कृष्णा-वारणेच्या संगमावरचे गाव. तेथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची जुनी पद्धत होती. २००५ च्या महापुरात त्यांतील अनेक पेवांत पाणी शिरले. ‘सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन कधी मिळाले?’ हा प्रश्न स्पर्धेत येतो आणि २०१८ हे उत्तर मिळते. त्याऐवजी असे विचारावे: पेव उघडल्यावर माणूस लगेच आत का उतरत नाही? इथून बंद जागेतील ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, किडींचे श्वसन आणि साठवणीचे शास्त्र यांवर अर्धा तास बोलता येते. आणि उत्तर पुस्तकापेक्षा एखाद्या आजोबांकडून लवकर मिळण्याचा संभव आहे.

साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, हे मुलांना ठाऊक असते. कारवीच्या कुळातील काही झुडपे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात, हेही सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेत असते. पण झुडूप वर्षे मोजते कसे, आणि डोंगरभरची सारी झुडपे एकाच वर्षी कशी फुलतात? या प्रश्नाला आजही पुरते उत्तर नाही.

आणि कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाची तारीख पाटण तालुक्यात कोणीही सांगेल. धरणाच्या जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर त्या भागात धक्के वाढले आणि ते पुढील अनेक दशके बसत राहिले, म्हणून साऱ्या जगातील भूकंपशास्त्रज्ञांचे लक्ष कोयनेकडे लागले. जमिनीत मुरलेले पाणी खडकांतील भेगांत दाब वाढवते, आधीच ताणाखाली असलेली भेग त्यामुळे सरकू शकते, असे त्याचे स्थूल स्पष्टीकरण आहे. पण नेमके कोठे, केव्हा आणि किती खोलवर? ते शोधण्यासाठी त्या परिसरात दीड-दीड किलोमीटर खोल विंधनछिद्रे घेतली गेली, आणि २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. वरचा सुमारे एक किलोमीटर जाडीचा बेसाल्ट ओलांडून यंत्र खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरले. कराडजवळ यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे. म्हणजे कराडच्या शाळेतील मुलाच्या घरापासून काही किलोमीटरवर काही मोठी माणसे अशा एका प्रश्नावर काम करीत आहेत, ज्याचे उत्तर कोणाच्याही कागदावर लिहिलेले नाही. विज्ञान दिनाच्या प्रश्नमंजुषेत ही गोष्ट आली नाही, तर विज्ञान दिन कशासाठी?

काही सूचना

जपानमधील विद्यार्थी मंडळांचा एक परिपाठ आपण अवश्य उचलावा. तेथे मुले नुसती उत्तरे पाठ करीत नाहीत, प्रश्नही स्वतः लिहितात. प्रश्न लिहिताना माहिती तपासावी लागते, शब्द नेमके बसवावे लागतात, दुसरे उत्तर संभवत नाही ना हे पाहावे लागते. हे काम वर्गावर सोपवावे. प्रत्येक मुलाने एक चिठ्ठी भरावी: प्रश्न, उत्तर, हे उत्तर कशावरून, आणि ते कोणत्या परिस्थितीत चुकीचे ठरेल. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे.

दुसरे, बाकावर आणखी एक घंटी ठेवावी. तिला हरकतीची घंटी म्हणावे. परीक्षकांचे उत्तर पटले नाही तर कोणत्याही संघाने ती वाजवावी आणि कारण सांगावे. कारण सयुक्तिक असेल तर गुण द्यावेत, निर्णय तेथे होत नसेल तर प्रश्न राखून ठेवावा आणि आठवड्याभरात शोधून फलकावर उत्तर लावावे. यात परीक्षकांचा मान कमी होत नाही. ‘तपासून सांगतो’ असे म्हणणारे गुरुजी मुलांच्या जन्मभर लक्षात राहतात.

तिसरे, तीन फुल्यांचा नियम आपल्या शाळेत नको. चुकलेल्या मुलाला बाद करून प्रेक्षकांत बसवण्याऐवजी त्याच्याकडे पुढच्या फेरीचा एक प्रश्न तयार करण्याचे काम द्यावे. जो चुकला त्यालाच त्या विषयाचे कुतूहल त्या क्षणी सर्वांत जास्त असते.

शेवटचे, प्रत्येक स्पर्धेत एक प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर परीक्षकांनाही माहीत नाही. त्याला गुण नसावेत, वेळेचे बंधन नसावे. तो मोठ्या अक्षरांत लिहून शाळेच्या दर्शनी भिंतीवर, शिष्यवृत्तीधारकांच्या फलकाशेजारी, वर्षभर लावावा. कास पठारावरच्या कारवीपासून सुरुवात करायला हरकत नाही. पुढच्या बहरापर्यंत मुलांच्या हाती काही वर्षे आहेत.